परस फुलला का?

लाखनीत वसंत येतो तो आधी खराट्याच्या आवाजात. फेब्रुवारी लागला की पहाटे साडेपाचपासून गल्लोगल्ली खरखर सुरू होते. पिंपळाची पानं, कडुनिंबाच्या काड्या, शेजारच्या बदामाची तळहाताहून मोठी तांबूस पानं. झाडून ढीग लावावा, चहा घेऊन बाहेर यावं, तर अंगण पुन्हा भरलेलं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं या दिवसांतलं वाक्य ठरलेलं आहे, "यंदा जास्तच गरून रायलं जी." दर वर्षी यंदा जास्तच असतं.

वसंतावरच्या पुस्तकाची सुरुवात अशी कचऱ्यापासून करावी का, याचा मी पुष्कळ विचार केला. पण दुसरी खरी सुरुवात सापडेना. पुस्तकांतून आपल्या मनात बसलेला वसंत हिरवा असतो, गार वाऱ्याचा असतो, त्यात भुंगे असतात आणि कुठेतरी झोका असतो. आमच्याकडचा वसंत उघड्या फांद्यांचा, पायाखाली कुरकुरणारा आणि दहा वाजल्यानंतर डोक्यावर दुपट्टा बांधायला लावणारा आहे. तो शोभेचाही आहे, पण त्याहून जास्त कामाचा आहे. एवढं एकच सांगायला हे पुस्तक लिहिलं आहे. बाकीची पानं म्हणजे त्याचे पुरावे.

पुरावे गोळा झाले ते सकाळच्या फेरीत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी चालू लागलो. निसर्गप्रेम वगैरे नंतर आलं. वाट एकच, गेली सात वर्षं तीच. घरातून निघायचं, राष्ट्रीय महामार्ग 53 ओलांडायचा (जुनी माणसं अजून सहा नंबरच म्हणतात), सावरीच्या बाजूने वस्ती संपली की धानाच्या बांध्यांमधून (खाचरांमधून) धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधांवरून, तलावाच्या पाळीवर चढायचं, पाळ संपते तिथल्या झुडपी जंगलाला अर्धा वळसा घालायचा आणि ऊन चढायच्या आत परत. जाऊन येऊन पाच-साडेपाच किलोमीटर. माघ ते वैशाख या दिवसांत रोज घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहायच्या, एवढाच नेम होता. त्या ओळी निवडून, थोड्या पुसून, थोड्या फुलवून इथे दिल्या आहेत.

या वाटेत नाव घेण्यासारखं काही नाही. नागझिरा आणि नवेगावबांध इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, कोका अभयारण्य त्याहून जवळ. ही सगळी रानं 2013 पासून एका व्याघ्र प्रकल्पात आली आहेत. लाखनीत राहून फिरायला जातो म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "मग वाघ दिसला का?" माझ्या वाटेवर कुत्री दिसतात, मुंगूस दिसतं, आणि एकदा पाळीखालच्या चिखलात रानडुकरांच्या खुरांचे ठसे दिसले होते. ज्याला झुडपी जंगल म्हणतात ते पूर्व विदर्भातल्या महसुली कागदांवरचं एक विचित्र खातं. ना धड रान, ना धड पडीक. अशा जमिनी वनच समजायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या मे महिन्यात सांगितलं. माझ्या तुकड्यात पळस, टेंभुर्णी, करवंद, चार (चारोळीचं झाड), दोन-तीन जुने मोह, एक कुसुम आणि पुष्कळ रानतुळस आहे. निकालाची बातमी आली त्या सकाळी मी तिथे मुद्दाम थोडा वेळ जास्त थांबलो. टेंभुर्णीवर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

आता प्रश्न असा की वसंत नेमका कधी. भिंतीवरचं पंचांग म्हणतं चैत्र-वैशाख. तेच पंचांग वसंत पंचमी मात्र माघात दाखवतं, म्हणजे शिशिर चालू असतानाच. लहानपणी मला वाटे की कुणीतरी पानं चुकीची शिवली असावीत. पुढे कळलं की यात थोडी आकाशाचीही गंमत आहे. आपली परंपरागत पंचांगं नक्षत्रांना धरून चालतात आणि ऋतू चालतात सूर्याच्या संपाताला धरून. संपातबिंदू हळूहळू मागे सरकतो, साधारण 72 वर्षांत एका दिवसाने. दीड-पावणेदोन हजार वर्षांत हा फरक 24 दिवसांच्या आसपास गेला. म्हणजे जुन्या कवींनी ज्या सूर्याखाली चैत्र पाहिला तो सूर्य आता फाल्गुनातच येऊन जातो. 1952 साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने हा हिशेब लावून वसंत फाल्गुन-चैत्राचा धरला, आणि तिच्या शिफारशीने आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 पासून अमलात आली. आकाशवाणीवर तारीख सांगताना ती ऐकू येते आणि लगेच विसरली जाते. त्या दिनदर्शिकेतला फाल्गुन 20 फेब्रुवारीला लागतो. माझ्या वहीत धुऱ्यावरच्या पहिल्या पळसाची नोंद याच दिवसांच्या आगेमागे सापडते. साहांचं पंचांग देशात फारसं कुणी घरात लावलं नाही, पण लाखनीचा पळस ते पाळतो, असं म्हणायला हरकत नाही.

पळसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या पुस्तकात तो सगळ्यात जास्त वेळा येतो.

आमच्या झाडीबोलीत ळ नाही. फळाचं फर होतं, डोळ्याचा डोरा होतो, पळसाचा परस होतो. फाल्गुनात रस्त्यात भेटलेला ओळखीचा शेतकरी "परस फुलला का?" असं विचारतो तेव्हा त्याला कवितेची आठवण झालेली नसते. होळी किती जवळ आली, उतेरीतली (उभ्या धानात पेरलेली) लाखोरी उपटायची राहिली का, मोह पडायला किती दिवस आहेत, असे तीन-चार हिशेब त्या एका प्रश्नात असतात. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. त्याची जुनी फोड ‘हा पोपट तर नव्हे?’ अशी सांगतात. फुलाची मधली पाकळी चोचीसारखी वाकडी असते म्हणून. म्हणजे तिथेही नावात प्रश्नच आहे. मला ही जोडी फार आवडते. एका भाषेने झाडाकडे पाहून विचारलं, हा पोपट का, आणि दुसरीने शेजाऱ्याला विचारलं, फुलला का.

पळसाला पानं तीनच, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. पण ज्या दिवसांत पळसाकडे लोकांचं लक्ष जातं त्या दिवसांत त्याला बहुधा एकही पान नसतं. आधी फांदीवर काळपट तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्यांचे घोस येतात. लांबून पाहिलं तर झाड जळल्यासारखं दिसतं. मग एका सकाळी त्या काळ्या मखमलीतून एखादी केशरी टोच बाहेर आलेली असते. पुढच्या आठ-दहा दिवसांत झाड पेटतं. ‘पेटतं’ हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे हे मला ठाऊक आहे. पण सूर्य उगवायच्या आधीच्या करड्या उजेडात, धानाच्या मोकळ्या बांध्यांमागे एकटा पळस बघितला की दुसरा शब्द सुचत नाही, म्हणून राहू दिला.

या फुलांना वास नाही, पण रस भरपूर. त्यामुळे फुललेला पळस ही एक खाणावळ असते. मैना, बुलबुल, कोतवाल, खारी यांची पाळीपाळीने गर्दी. नर शिंजीर या दिवसांत आपला मळका पिवळट वेष टाकून निळा-काळा झळाळता होतो आणि फुलाच्या चोचीत आपली चोच घालतो. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्या परतीच्या प्रवासात थव्याने उतरतात. त्यांना पळसमैना असंही म्हणतात आणि का म्हणतात हे एका सकाळीच समजतं. खाणाऱ्यांच्या डोक्याला, गळ्याला पराग लागतो आणि तो पुढच्या झाडावर जातो. पळसाचं भाडं असं वसूल होतं.

माझ्या वाटेवर नोंदीपुरते तीन पळस आहेत. त्यांना मी नावं न देता क्रमांक दिले. पहिला धुऱ्यावर, दुसरा तलावाच्या पाळीखाली, तिसरा झुडपी जंगलाच्या वळणावर. तिघांच्या मध्ये पुरतं दीड किलोमीटरही अंतर नाही. माती तीच, पाऊस तोच. तरी पहिला फुलून सुकायला लागतो तेव्हा तिसऱ्याच्या कळ्या अजून मिटलेल्या असतात. दोन वर्षं मला वाटलं की याला काही रोग आहे. तिसऱ्या वर्षी एका गुराख्याला विचारलं. त्याने झाडाकडे न बघताच सांगितलं, "तो तसाच आहे जी." यापेक्षा शास्त्रशुद्ध उत्तर मला अजून मिळालेलं नाही. एकाच जातीची झाडंही आपापल्या घडणीप्रमाणे मागेपुढे फुलतात. गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी फुलायचं असा नियम फक्त दिनदर्शिकेत असतो.

पान टाकून मग फुलायचं, आणि तेही पाणी आटत असताना, हा उलटा कारभार ही झाडं का करत असतील? कोरड्या पानगळीच्या रानात याला अर्थ आहे. पानातून पाणी उडतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं उतरवली की खोडातलं आणि खोल मुळांनी ओढलेलं पाणी वाचतं आणि त्यावर फूल पोसतं. पानांचा आडोसा नसला की फूल लांबून दिसतं आणि पाखराला सापडतं. आणि फूल आत्ता आलं तरच बी पावसाच्या आधी तयार होईल. पळसाची चपटी शेंग मे-जूनच्या वाऱ्यात उडते आणि पहिल्या सरीला जमिनीवर हजर असते. नवी पालवी तर पावसाची वाटही पाहत नाही. पिंपळ तांबूस, कोवळ्या, उजेड आरपार जाणाऱ्या पानांनी लखलखतो. कुसुमाचं झाड मार्चमध्ये इतकं लाल होतं की नवखा माणूस त्याला फूल समजतो. मीही समजलो होतो, पहिल्या वर्षीच्या वहीत तशी नोंद आहे आणि ती मी लाजेखातर काढलेली नाही. कोवळ्या पानातला हा लाल रंग त्याला प्रखर उन्हापासून आणि बहुधा किड्यांपासूनही सांभाळतो. पान जून झालं की हिरवं होतं आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही.

काटेसावर, पांगारा आणि गणेर यांच्यावर स्वतंत्र टिपणं आत आहेत. सावरीतून रोज जाताना गावाच्या नावात सावर ऐकू येते, तशी मोहाडीच्या नावात मोह आणि पिंपळगाव सडकच्या नावात पिंपळ. आमच्या भागात पत्ता सांगतानाही अर्धं रान सांगून होतं.

मोहावर मात्र इथेच लिहायला हवं. मोह समजला नाही तर इथला वसंत समजत नाही.

मार्चच्या मध्यापासून माझी वेळ बदलते. साडेपाचला निघून चालत नाही, कारण तोवर लोक रानात पोचलेले असतात. मोहाचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात, आणि पहाटेपासून ते टपटप पडायला लागतं. जाड, रसाळ, फिक्या पिवळ्या रंगाचं, द्राक्षाएवढं. वास गोड आणि थोडा उग्र. आधी नाकाला बरा वाटतो, मग डोक्यात जातो. ते सकाळीच वेचायला हवं. ऊन चढलं की मऊ पडतं, मुंग्या लागतात, आणि आधी माकडं नाही तर गुरं येऊन जातात. म्हणून पहाटेच्या अंधारात बॅटरी आणि टोपली घेऊन बायका, मुलं, म्हातारी माणसं झाडाखाली वाकलेली दिसतात. कोणतं झाड कुणाचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. घरी नेऊन अंगणात चार-पाच दिवस वाळवलं की फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं. मग ते विकलं जातं, पावसाळ्यासाठी ठेवलं जातं, भाकरीत जातं, गुरांना जातं. आणि दारूतही जातं, जे सगळ्यांना आधी आठवतं. वसंतात फूल वेचायला जाणं या वाक्याचा लाखनी तालुक्यातला अर्थ हा आहे.

एका ढगाळ सकाळी नेहमीच्या झाडाखाली एक मावशी रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, आज काय झालं? त्या म्हणाल्या, "आभार आला का मोहा गरत नाही जी." क्षणभर मला कुणाचे आभार ते कळेना. आभाळ! मग मी वहीत आभाळाचाही रकाना घातला. पुढच्या वर्षांतही ढगाळ दिवशी मला झाडाखाली फुलं कमी दिसली. याचं कारण मी सांगणार नाही, पण नोंद मावशींच्या नावावर जमा आहे. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलं.

मोहाबरोबर वणव्याचा विषय येतो. खाली पाचोळा असला की फूल सापडत नाही, म्हणून कुणी तो पेटवून देतं; वारा असला की आग झाडाखाली राहत नाही. तेंदूच्या झुडपांना नवी पानं चांगली यावीत म्हणूनही आग लावली जाते. माझ्या वळसा घालण्याच्या वाटेवर दोन वर्षांआड तरी एक काळा पट्टा असतो. पहिल्यांदा मला फार राग आला होता आणि त्या दिवसाचं टिपण फार मोठ्या आवाजात लिहिलं गेलं. ते इथे घेतलेलं नाही. राग चुकीचा होता असं नाही. जमिनीवर घरटी करणारी टिटवी, कोवळी रोपं, सरडे, सगळं त्यात जातं. पण दोन तासांत टोपली भरली तरच तो दिवस सार्थकी लागणाऱ्या माणसाला मी फिरायला आलेल्या माणसाच्या आवाजात काय सांगणार? पाचोळा खराट्याने बाजूला करणारे आहेत, झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर जाळ्या पसरणारेही आहेत. साडी पसरलेलं झाड दिसलं की मी वहीत चांदणी काढतो. आत अशा चांदण्या थोड्या आहेत.

तलावाचं थोडक्यात. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा, आणि ते तलाव मोठ्या प्रमाणात कोहळी लोकांनी बांधलेले. कुणी वाड्यांवरून इतिहास सांगतं, आम्ही पाळीवरून सांगतो. मालगुजारी गेली, नाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव असं राहिलं. वसंतात माझ्या वाटेवरच्या तलावाचं काम उतरण्याचं. काठ मागे सरकतो, बेशरमची झुडपं उंच वाटायला लागतात, चिखलात गोगलगाई उघड्या पडतात. मग त्या फोडून खाणारा करकोचा येतो. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. पुस्तकातलं त्याचं नाव मुग्धबलाक, आमच्याकडचं घोंगल्या फोडा. दोन्ही नावं खरी. फक्त एक त्याच्या रूपाकडे बघून ठेवलेलं आणि दुसरं त्याच्या धंद्याकडे बघून. हिवाळ्याला आलेली बदकं मार्चमध्ये कमी कमी होत जातात. ती जातात तो दिवस मला कधीच पकडता आला नाही. आज चाळीस, परवा अकरा, मग एका सकाळी नुसतं पाणी. येण्याची नोंद करता येते. जाण्याची नोंद नेहमी दुसऱ्या दिवशी होते.

आवाजांच्या बाबतीत मी पहिली दोन वर्षं पुरता फसलो. जानेवारी संपता संपता कुठूनतरी ‘टुक, टुक, टुक’ असा एकसुरी आवाज यायला लागला. मला वाटलं, कुणाच्या तरी शेतात मोटर बिघडली. तिसऱ्या दिवशी मी एका शेतकऱ्याला तसं बोलूनही दाखवलं. तो इतका हसला की माझी ही गोष्ट बाजारात पसरली. तांबट होता, तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसा बोलणारा, मुठीएवढा हिरवा पक्षी. ऊन वाढेल तसा त्याला जोर येतो. कोकीळ मार्चमध्ये गळा साफ करते, असं लिहिलं होतं, मग खोडून ‘करतो’ केलं, कारण गातो तो नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, कावळ्यांच्या घरट्याभोवती चोरपावलांनी फिरणारी. पावशाही याच सुमारास ओरडायला लागतो. पेरते व्हा म्हणतो, आणि पेरणीला अजून तीन महिने असतात. तलावाकाठच्या विजेच्या तारेवरून नीलपंख उंच उडतो, कोलांट्या घेत खाली येतो, आणि त्याचे पंख उघडले की आपण चालायचं विसरतो. एरवी तारेवर बसलेला तो मातकट, दुर्लक्ष करण्याजोगा पक्षी असतो.

धनेशाची नोंद मात्र सात वर्षांत कमी होत गेली. राखी धनेशाची मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट राहते आणि त्या फटीतून नर तिला भरवतो. त्याला लागतात मोठी, जुनी, पोखरलेली झाडं. तशी झाडं रस्त्याकडेला होती. रस्ता चौपदरी झाला, आता आपण नागपूरला लवकर पोचतो. नव्या रोपांत ढोली व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतील. मी घाईत नाही, पण धनेश कदाचित असेल.

हे रोज लिहून ठेवण्याचं खूळ माझं एकट्याचं नाही. इंग्लंडमधल्या नॉरफॉकचे रॉबर्ट मार्शम यांनी 1736 साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कोणत्या झाडाला पान कधी आलं, पाकोळी कधी दिसली, बेडूक कधी ओरडला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते 1958 पर्यंत चालवलं. जपानमध्ये क्योतोच्या चेरीला बहर कधी आला याच्या नोंदी राजदरबारच्या रोजनिशांमधून नवव्या शतकापर्यंत मागे जातात. 2021 साली तो बहर 26 मार्चला आला. बाराशे वर्षांच्या त्या नोंदींत तोवर इतका लवकर तो कधी आला नव्हता. आपल्याकडेही सीझनवॉच नावाच्या उपक्रमात शाळांची मुलं आणि माझ्यासारखी रिकामी माणसं एक झाड निवडून त्याची दर आठवड्याची पानं-फुलं-फळं कळवतात. माझ्या सात वर्षांच्या वहीतून हवामानाबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि कुणी तसा दावा केला तर तो माझा नाही. अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली, त्या वर्षी आंब्याचा बार झडला आणि तारखा विस्कटल्या. पण क्रम फारसा विस्कटला नाही. आधी सावर, मग पळस, मग कुसुमाची पालवी, मग मोह, मग कडुनिंबाचा फुलोरा आणि शेवटी, पार उन्हाच्या तोंडात, बहावा. तारीख चुकली तरी कुणी रांग मोडली नाही.

मराठीत या विषयावर लिहिणं म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या सावलीत उभं राहणं. ‘ऋतुचक्र’ 1956 चं. एकेका महिन्याला त्यांनी असं लिहून ठेवलं आहे की नंतरच्या माणसाने लिहिताना दोनदा विचार करावा. आमच्या भागापुरतं बोलायचं तर व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी असताना इथल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं शिकत राहिले. त्यांच्या ‘पक्षीकोशा’तून ती नावं महाराष्ट्रभर गेली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. ती बातमी कळली तेव्हा पावसाला सुरुवात व्हायची होती, माझी वही त्या वर्षापुरती मिटलेली होती. त्या दिवशी ती उघडून फक्त ‘घोंगल्या फोडा’ एवढंच लिहिलं. ही सगळी माणसं रानात गेली. मी रानात गेलेलो नाही. तालुक्याच्या गावातून, बसच्या हॉर्नच्या अंतरावरून जेवढा वसंत दिसतो तेवढाच या पुस्तकात आहे. एवढा फरक लक्षात ठेवून वाचलं तर माझी निराशा होणार नाही आणि वाचणाऱ्याचीही.

टिपणं वर्षांप्रमाणे लावलेली नाहीत, तिथींप्रमाणे लावली आहेत. म्हणजे माघ पौर्णिमेच्या पानावर सातही वर्षांच्या माघ पौर्णिमा एकाखाली एक सापडतील. कुठे फुलं, कुठे धुकं, एका वर्षी ताप. जिथे फक्त ‘गेलो नाही’ असं आहे तेही ठेवलं आहे. झाडांची नावं आधी गावात म्हणतात ती, मग पुस्तकातली. धानाच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना बांधी, धुरा, उतेरी, तुडूम हे शब्द अडतील, म्हणून ते पहिल्यांदा येतात तिथेच उलगडले आहेत. उजव्या बाजूचं प्रत्येक पान अर्धं कोरं आहे. छापणाऱ्याने त्याबद्दल दोनदा फोन केला, कागद वाया जातो म्हणून. त्याला मी सांगितलं की ती जागा ज्याच्या हातात पुस्तक पडेल त्याच्या अंगणातल्या झाडासाठी आहे. तो म्हणाला, "आमच्या अंगणात फरशी आहे."

मुद्रितं तपासून झाली त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे निघालो. पहिल्या पळसाखाली फुलांचा सडा होता आणि एक म्हातारी होळीच्या रंगासाठी ती पदरात भरत होती. पाळीखालचा दुसरा ऐन भरात, त्याच्यावर भोरड्यांचा कालवा. वळणावर पोचलो. तिसऱ्याच्या कळ्या अजून काळ्याच होत्या. बारकाईने पाहिलं, सगळ्या फांद्या पाहिल्या, एकही टोच नव्हती. परतताना बांधीत काम करणाऱ्याने लांबूनच हाक मारली, "काहो जी, वरनावरचा परस फुलला का?"

"नाही अजून," मी म्हटलं, आणि तशीच नोंद केली.